पुंगळी नको, छर्रा घ्या : नाशिकमध्ये रायफल नेमबाजीची सुरुवात

दर दोन-तीन महिन्यांनी एखादा तरुण मला गाठतो आणि मोबाइल पुढे करतो. व्हिडिओत परदेशातला कोणी दाढीवाला गॅरेजमध्ये बसून उडवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या घासूनपुसून पुन्हा भरत असतो. "काका, हे आपल्याकडे जमेल का? लेथ आपल्या शेडमध्ये आहेच."

जमणार नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यातलं कलम ५ सांगतं की परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, आणि त्याच कायद्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भागही दारूगोळ्यातच मोडतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या उल्लंघनाला किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. कोणाकडे रायफलचा परवाना असला, तरी तो बंदूक बाळगण्याचा परवाना असतो, शेडमध्ये काडतुसं भरण्याचा नव्हे. तेव्हा कुठे चार पुंगळ्या सापडल्या तर शोकेसमध्येही ठेवू नका.

पण त्या पोरांना व्हिडिओत नक्की काय आवडतं, ते मला कळतं. मी बावीस वर्षं नाशिकच्या अंबडला टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याचे साचे आणि हत्यारं काटेकोर मापात बनतात तिथे, काढली आहेत. बार उडाला की पितळ फुगून नळीच्या मापाचं होतं. मग ते परत मापात आणायचं, तोंड सरळ करायचं, वजन तोलायचं. सगळा खटाटोप कशासाठी, तर दुसरा बार पहिल्यासारखाच जावा म्हणून. ही सारखेपणाची हौस आहे, आणि ती भागवायला स्फोटक दारू लागत नाही. दहा मीटरवरून मारायची एअर रायफल, म्हणजे हवेच्या दाबाने शिशाचा छोटा छर्रा फेकणारी, आणि पाचशे छर्‍यांची एक डबी पुरते. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटर बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) आणि २० ज्यूलच्या आत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. स्पर्धेची रायफल सुमारे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास फेकते, म्हणजे साडेसात ज्यूलच्या आसपास. तुम्ही मर्यादेच्या खूप आत असता.

आधी रेंज, मग रायफल

नवीन माणूस उलटं करतो. आधी रायफल घेतो, मग ती कुठे चालवायची ते शोधतो. मीही तेच केलं होतं आणि पहिली स्प्रिंगची रायफल वर्षभरात अर्ध्या किमतीत विकली. आधी दोन महिने रेंजवर जा. बहुतेक क्लबांत सुरुवातीला त्यांचीच रायफल मिळते, आपण फक्त फी आणि छर्‍यांचे पैसे द्यायचे. शहरात सध्या कुठे काय चालू आहे, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. वेळा आणि फी बदलत राहतात, म्हणून प्रत्यक्ष जाऊन पाहा. किमान एक तास मागे बसून बघा. कोच मुलांच्या पायांकडे बघतो की फक्त टार्गेटकडे, एवढं पाहिलंत तरी क्लब कसा आहे ते कळेल.

नाशिकला या खेळाची जुनी ओळख आहे. भोसला मिलिटरी स्कूल १९३७ पासून इथे आहे. २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) ४५१.४ गुण करून कांस्यपदक आणणारा स्वप्नील कुसाळे मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातला, पण त्याची सुरुवातीची घडण नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीतली. हे पोरांना सांगितलं की डोळे चमकतात. मग मी सांगतो की तो प्रकार पन्नास मीटरचा आणि खऱ्या काडतुसांचा, आणि त्यातले बहुतेक जण आधी दहा मीटरवरच उभं राहायला शिकलेले असतात.

रायफल घेताना

इथे तीन पायऱ्या आहेत. पहिली, स्प्रिंगची साधी रायफल, उघड्या साइटची (साइट म्हणजे नेम धरायची खूण). जिल्हा आणि राज्य पातळीवर 'ओपन साइट' असा वेगळा गट असतो, शाळकरी मुलं तिथून सुरू करतात. दुसरी, पीपसाइट (बारीक छिद्रातून बघायची साइट) लावलेली मधली रायफल. तिसरी, दाबलेल्या हवेच्या सिलिंडरची मॅच, म्हणजे स्पर्धेची, रायफल. वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, आन्शुट्झ ही नावं रेंजवर ऐकू येतात, आणि त्यांच्या किमतीत चांगली दुचाकी येते. वर्षभर टिकलात तरच तिसरीकडे बघा. जुनी मॅच रायफल घेत असाल तर सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. मुदत संपलेलं सिलिंडर लावून स्पर्धेत उभं राहता येत नाही आणि घरीही ते भरू नये. त्यात साधारण २०० बार दाब असतो (हा 'बार' दाबाचं एकक). मोटारीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार असतो, त्यावरून अंदाज करा.

स्प्रिंगच्या रायफलबद्दल एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. छर्रा न घालता ती उडवू नका. पुढे अडवायला छर्रा नसला की पिस्टन थेट टोकावर आदळतो आणि सील फाटतं. मॅच रायफलमध्ये कोरड्या, म्हणजे छर्रा न घालता करायच्या, सरावासाठी वेगळी सोय असते, स्प्रिंगमध्ये नसते.

बिल जपून ठेवा, आणि नेताना रायफल पूर्ण झाकणाऱ्या केसमध्येच न्या, बिलाची प्रत केसच्या खिशात. लांबून बघणाऱ्याला एअर रायफल आणि खरी रायफल यांतला फरक कळत नाही. नाकाबंदीत शांतपणे केस उघडून बिल दाखवलं की काम होतं. सिंहस्थाच्या बंदोबस्तात तर पंचवटीकडे ती घेऊन जाऊच नका. आणि पक्ष्यांवर नेम धरायची इच्छा असेल तर हा खेळ तुमचा नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यात तो गुन्हा आहे. त्यापेक्षा दुर्बीण घ्या आणि नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जा.

घरात दहा मीटर

फ्लॅटमध्ये दहा मीटर कुठून आणायचे, हा पहिला प्रश्न. आमच्या इंदिरानगरच्या रो-हाऊसमध्ये स्वयंपाकघराच्या ओट्यापासून हॉलच्या टोकापर्यंत तिरकं मोजलं तेव्हा ८ मीटर ४० भरले. तेवढंही चालतं, फक्त टार्गेट त्या प्रमाणात लहान करायचं. दहा मीटरच्या टार्गेटचा काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा असतो. जागा सात मीटरच असेल तर ०.७ने गुणा, २१ मिलिमीटरच्या आसपास गोल काढा. मध्यबिंदू जमिनीपासून १ मीटर ४० सेंटिमीटरवर.

छर्रा अडवायची सोय मात्र नीट करा. मी पहिल्या आठवड्यात टार्गेट सागवानी फळीवर खिळ्याने ठोकलं होतं. तिसरा छर्रा परत आला आणि माझ्या नडगीवर बसला. पायजम्यावरून लागला म्हणून काळानिळा डाग पडण्यावर निभावलं, पण तो डोळ्याच्या उंचीला आला असता तर? त्या दिवसापासून चष्म्याशिवाय मी रायफल उचललेली नाही. लाकूड कठीण असेल तर शिशाचा छर्रा त्यात घुसत नाही, उसळतो.

करायचं असं. जाड लोखंडी पत्र्याची पेटी बनवून घ्या. सातपूरच्या कोणत्याही फॅब्रिकेशनवाल्याला कागदावर आकृती काढून दिली की तो संध्याकाळपर्यंत देतो. मागचा पत्रा किमान ३ मिलिमीटरचा, आणि उभा नव्हे तर वरचं टोक तुमच्याकडे झुकवलेला, म्हणजे छर्रा आदळून खाली पेटीतच पडतो. तळाशी जुन्या चादरीच्या चिंध्या. पेटीमागे भक्कम भिंत हवी, दार किंवा खिडकी नको. आणि वाटेत मध्येच उघडणारं दार असेल तर त्याला आतून कडी लावूनच सुरू करा. घरातल्यांना वेळ सांगून ठेवा. आमच्याकडे सकाळी सहा ते पावणेसात हॉलमध्ये कोणी पाऊल टाकत नाही. सौ. म्हणतात, बंदुकीपेक्षा तुमच्या शिस्तीचीच भीती वाटते.

छर्रे शिशाचे असतात. हाताळून झाल्यावर साबणाने हात धुवा, सरावाच्या टेबलावर चहा-बिस्किट नको, पेटीभोवतालची फरशी कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसा. घरात रांगतं मूल असेल तर घरी छर्रा उडवूच नका, फक्त कोरडा सराव करा.

उभं राहणं

माझ्या मते हा खेळ सत्तर टक्के इथेच आहे, आणि नेमकं हेच शिकताना लोक कंटाळतात.

डाव्या हाताचं कोपर हवेत ठेवायचं नाही, ते कमरेच्या हाडावर टेकवायचं. रायफलचं वजन स्नायूने पेलायचं नाही, हाडांवरून जमिनीत उतरवायचं. पाय खांद्याइतके लांब, डावी बाजू टार्गेटकडे, पाठ किंचित मागे आणि उजवीकडे. मान वाकवू नका, रायफल गालाजवळ आणा, गाल रायफलजवळ नेऊ नका. डावखुऱ्यांनी सगळं उलट समजावं. मॅच रायफल साडेपाच किलोपर्यंत भरते. पहिल्या पंधरवड्यात पाठ दुखेल, पण दुखणं जर डाव्या खांद्यात असेल तर तुम्ही हातानेच ती उचलत आहात.

मग एक तपासणी, ती प्रत्येक मालिकेआधी करायची. नेम धरा, डोळे मिटा, दोनदा श्वास घ्या, डोळे उघडा. साइट काळ्या गोलावरच आहे? ठीक. उजवीकडे सरकली? हाताने ओढून आणू नका, मागचा पाय थोडा हलवा आणि पुन्हा तपासा. हाताने ओढलेली रायफल बार सुटताना परत आपल्या मूळ जागी जायला बघते.

दुसरा डोळा मिचकावू नका, चेहरा आखडतो. त्याच्यासमोर कागदाची अरुंद पट्टी लावा. श्वास अर्धा सोडून थांबा. पाच ते आठ सेकंदांत बार सुटला नाही तर रायफल खाली घ्या. हे खाली घेणं कोणाला आवडत नाही. 'आत्ता सुटेल, आत्ता सुटेल' करत पंधराव्या सेकंदाला दाबलेला बार सात-आठ गुणांच्या कड्यात जातो. बार सुटल्यावरही दोन सेकंद साइटमधून बघत राहा आणि छर्रा कुठे बसला असेल ते मनातल्या मनात सांगा. मग टार्गेट बघा. अंदाज आणि छिद्र जुळायला लागलं की समजा गाडी रुळावर आली.

जॅकेट, ट्राउझर, बूट यांच्यावर इतक्यात पैसे घालू नका. जाड स्वेटर आणि सपाट तळाचे कॅनव्हास बूट तीन महिने पुरतात.

कोरडा सराव रोज वीस मिनिटं. भिंतीवर काळा ठिपका, छर्रा नाही, फक्त धरणं आणि खाली ठेवणं. रायफल नसेल तर तीन-चार किलोची लाकडी काठी घेऊन उभे राहा, फक्त खिडकीत उभं राहून करू नका, समोरच्या बिल्डिंगमधून फोन जातो.

साइट आणि क्लिक

पीपसाइटमध्ये पुढच्या रिंगमध्ये काळा गोल बसवायचा आणि भोवती पांढरी कड सगळीकडून सारखी ठेवायची. सुरुवातीला ४ मिलिमीटरच्या आसपासची रिंग घ्या. लहान रिंगमध्ये गोल नाचताना जास्त दिसतो आणि हात घाबरतो.

एका बारावर क्लिक, म्हणजे साइट सरकवायच्या चकतीचे टप्पे, फिरवू नका. पाच उडवा, पाचही छिद्रांचा मधला बिंदू डोळ्याने ठरवा, मग फिरवा. जर्मन साइटवर एक फसगत आहे. तिथलं 'एच' म्हणजे 'वर सरकवा' नव्हे, तर 'बार वर जातोय तर इकडे फिरवा'. मी पहिल्या दिवशी वीस क्लिक उलट्या बाजूला फिरवून टार्गेटच्या कागदाबाहेर गेलो होतो. कोचने काही न बोलता साइट परत शून्यावर आणून दिली.

छर्रे : इथे ती हौस भागवा

आता पुंगळीवाल्या मित्रांसाठी. स्पर्धेचे छर्रे चपट्या तोंडाचे असतात, कागदात स्वच्छ गोल छिद्र पाडतात. टोकदार छर्रा कागद फाडतो आणि गुण मोजता येत नाहीत. डब्यांवर डोक्याचं माप असतं, ४.४९, ४.५०, ४.५१ असं. रायफलसाठी सुमारे ०.५३ ग्रॅमचे घ्या, हलके छर्रे पिस्तुलासाठी. डबीच्या मागे बॅच क्रमांक असतो, तो लिहून ठेवा.

डबी उघडली की पांढऱ्या कागदावर वीस छर्रे ओता आणि प्रत्येकाचा घागरा बघा, म्हणजे मागची पोकळ कड. ती चेपलेली असेल तर छर्रा बाजूला. एखाद्यात शिशाचा तुकडा अडकलेला असतो. उरलेले पुन्हा डबीत. डबी खाली पडली तर त्यातले छर्रे सरावाला वापरा, स्पर्धेला नाही.

मी अर्थातच एवढ्यावर थांबलो नाही. सराफ बाजारात ओळखीच्या दुकानात एक मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आहे. दुपारी गिऱ्हाईक नसताना शंभर छर्रे घेऊन गेलो. शेटजींनी एक उचलून भिंगाखाली धरला. "हे काय, शिशाचे मणी? गहाण ठेवताय का?" वजनं निघाली ०.५२८ ते ०.५३७ ग्रॅम. तीन ढीग केले, तीन पुड्या बांधल्या, घरी येऊन प्रत्येक पुडीतले दहा-दहा उडवले. तिन्ही टार्गेटवर सारखाच पसारा, तळहाताच्या खळग्याएवढा. दुपार फुकट गेली.

मग कोचने रेंजवर रायफल व्हाइसमध्ये (शिकंज्यात) अडकवून दिली. एकाच मेकच्या दोन बॅच, प्रत्येकी पाच बार. कॅलिपरने बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजलं. एक बॅच ५.६ मिलिमीटर, दुसरी ७.२. छर्‍याची ४.५ मिलिमीटर रुंदी वजा केली की केंद्रांतलं अंतर १.१ आणि २.७ उरतं. फरक १.६ मिलिमीटरचा.

आता हिशोब करा. दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा, पण छर्रा ४.५चा. छर्‍याची कड ठिपक्याला लागली तरी दहा मिळतात. म्हणजे छर्‍याचं केंद्र मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडलं की झालं. दोन्ही बॅच, खराबसुद्धा, यात आरामात बसतात. आणि माझा उभ्याने पडलेला पसारा त्या महिन्यात होता ३८ मिलिमीटर. छर्रा बदलून दीड मिलिमीटर वाचवायचा की पाय नीट ठेवून तीस, हे ठरवायला टूलरूमचा माणूस लागत नाही. ६०० गुणांच्या मोजणीत तुमचे ५७० येऊ लागले की बॅच तपासा, तोवर एका मेकची, एका मापाची डबी घ्या आणि तीच वापरा.

वही

शंभर पानी वही. तारीख, वेळ, रायफल, बॅच, बार किती, आणि छिद्रांचा आकार काढून ठेवायचा. आकडा नव्हे, आकार. उभी रेघ पडत असेल तर बहुतेक वेळा श्वास चुकतोय. आडवी पडत असेल तर पाय किंवा ट्रिगरचं बोट. एकच छिद्र लांब आणि बाकी गुच्छ असेल, तर तो पंधराव्या सेकंदाचा बार असतो. हे तुम्हाला माहीत असतं, फक्त लिहायचं धाडस करा.

पावसाळ्यात डबी बंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसकट ठेवा. दमट हवेत शिशावर पांढुरकी भुकटी चढते. तसे छर्रे फेकून द्या, पुसून वापरू नका. डिसेंबर-जानेवारीत पहाटे नाशिकची थंडी बोटांत शिरते आणि ट्रिगर जाणवत नाही. बार सुरू करण्याआधी पाच मिनिटं हात काखेत धरा, शेकोटीवर शेकू नका.

पहिली स्पर्धा

सहा-आठ महिन्यांनी जिल्हा स्पर्धा खेळा, तयारी झाली असं वाटत नसलं तरी. तिथून राज्य, विभाग आणि राष्ट्रीय अशी शिडी आहे. राष्ट्रीय संघटना १९५१मध्ये स्थापन झाली आणि तिच्यामागे लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर होते, हे अनेक नेमबाजांनाही माहीत नसतं. मोठ्या स्पर्धेत साठ बारांना इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ७५ मिनिटं मिळतात, त्याआधी पंधरा मिनिटं तयारीची आणि चाचणी बारांची. चाचणीचे बार मोजले जात नाहीत, म्हणून ते घाईत संपवू नका. सगळे नवखे तिथे चुकतात. ७५ मिनिटं खूप वाटतात आणि पहिले वीस बार दहा मिनिटांत उडतात. घड्याळ बघा. दर दहा बारांनी रायफल स्टँडवर टेकवा, खुर्चीत बसा, पाणी प्या.

आदल्या रात्री केसमध्ये हे टाका: रायफल, पूर्ण भरलेलं सिलिंडर, एकाच बॅचच्या दोन डब्या, चष्मा, डोळ्यापुढची पट्टी, टॉवेल, ओळखपत्र, प्रवेश अर्जाची पावती, वही. पहिल्या स्पर्धेला मी छर्‍यांची डबीच घरी विसरलो होतो. शेजारच्या लेनवरच्या बारा वर्षांच्या मुलीने तिची अर्धी डबी दिली. वेगळा मेक, वेगळं माप. माझ्या वहीत त्या दिवसाचा पसारा ३६ मिलिमीटर लिहिलेला आहे, घरच्यापेक्षा दोनने कमी.